खिशांतील रान : एका जुन्या खेळाचे गुणदोष

'खेळ' हा शब्द उच्चारतांच पालकांच्या कपाळास आंठी पडते आणि विद्यार्थ्यांच्या मुद्रेवर हास्य उमटतें, हा अनुभव सार्वत्रिक आहे. त्यांतून तो खेळ मोबाईलच्या कांचेवर खेळावयाचा असेल, तर विचारावयासच नको! २०२० सालीं शाळांचे दरवाजे बंद झाले, तेव्हां शहापूर-मुरबाडकडील कित्येक घरांत केवळ अभ्यासासाठीं म्हणून, प्रसंगीं उसनवारी करून, मोबाईल आणला गेला. शाळा पुन्हा उघडल्या. मोबाईल मात्र घरांतच राहिला. तेव्हांपासून पालकसभेंत एक तक्रार हटकून निघते : "सर, हा पोरगा दिवसभर त्या खेळांतच डोकें खुपसून बसतो, त्याला कांहीं सांगा ना." या तक्रारीस 'बंद करा' असें एक सोपें उत्तर आहे, आणि 'काळच तसा आला' असें दुसरें, त्याहूनहि सोपें उत्तर आहे. दोन्ही उत्तरें देणारा मनुष्य तो खेळ उघडून पाहण्याचे श्रम मात्र घेत नाहीं. ग्रंथाचें परीक्षण ग्रंथ वाचून करावें, असें आम्ही वर्गांत शिकवितों; मग खेळाचें परीक्षण खेळ न पाहतां कां करावें?

म्हणून या लेखापुरता आम्हीं एकच खेळ निवडला आहे. तो नवा नाहीं, जुना आहे. आणि जुना आहे म्हणूनच त्याच्याविषयीं शांतपणें बोलतां येतें. त्याचें नांव पोकेमॉन.

आपल्याकडील मुलांस हें नांव बहुधा दूरचित्रवाणीवरील चित्रमालिकेमुळें ठाऊक झालें. ती मालिका भारतांत २००३ सालीं दिसूं लागली. परंतु मालिका मागाहूनची. मूळ वस्तु खेळ. जपानांतील निन्टेन्डो कंपनीनें १९८९ सालीं 'गेम बॉय' नांवाचें, हातांत धरून खेळावयाचें एक यंत्र काढलें. तें चार लहान सेलांवर चाले. त्याच्या पडद्यावर आडवे १६० व उभे १४४ ठिपके; आणि रंग म्हणाल, तर एकाच रंगाच्या चार छटा. या यंत्रासाठीं 'गेम फ्रीक' नांवाच्या एका लहानशा मंडळीनें सुमारें सहा वर्षें खपून हा खेळ रचला. जपानांत तो २७ फेब्रुवारी १९९६ रोजीं 'रेड' व 'ग्रीन' अशा दोन जोडप्रतींत निघाला. अमेरिकेंत १९९८ सालीं 'रेड' व 'ब्लू' या नांवांनीं. पुढें जगभर या पहिल्या प्रतींचा खप तीन कोटींच्या वर गेला. तें जुनें यंत्र आतां बनत नाहीं. आपल्या मुलांच्या मोबाईलवर जी दिसते ती बहुतेक त्या खेळाची नकलून पसरविलेली प्रत असते. दुसऱ्याच्या श्रमाची वस्तु विनापरवाना नकलून घेणें योग्य नव्हे, एवढें येथेंच सांगून मूळ विषयाकडे वळतों.

या खेळाचे जनक सातोशी ताजिरी. त्यांचा जन्म १९६५ चा. बालपण गेलें टोकियो शहराच्या बाहेरील माचिदा या गांवीं. त्या वेळीं तेथें शेतें होतीं, डबकीं होतीं, झाडी होती. किडे धरण्याचा या मुलास इतका नाद, कीं सोबती त्यास 'किड्यांचा डॉक्टर' म्हणून हांक मारीत. पुढें शहर वाढत वाढत माचिदापर्यंत आलें. डबकीं बुजलीं, शेतांवर घरें उठलीं, झाडीच्या जागीं रस्ते व दुकानें झालीं; आणि किडे गेले. आपणांस लहानपणीं जो शोधाचा आनंद मिळाला, तो आतां घरांत कोंडलेल्या मुलांस कोठून मिळणार, या विचारांतून हा खेळ उपजला, असें त्यांनीं स्वतःच मुलाखतींत सांगितलें आहे. दोन गेम बॉय यंत्रें तारेनें जोडतां येत. ती तार पाहून, तिच्यावरून एखादा किडा सरपटत या यंत्रांतून त्या यंत्रांत जात आहे, असें चित्र त्यांच्या मनांत उभें राहिलें. तेंच या खेळाचें बीज.

वाचकहो, हा इतिहास जपानचा असला, तरी आपणांस तो परका वाटूं नये. रोहिणी सरून मृग लागलें कीं शेताच्या बांधावर मखमली अंगाचे तांबडे मृगकिडे हिंडूं लागतात. पावसाळ्यांत सोनकिडा सांपडला कीं तो काडेपेटींत पाला घालून ठेवावयाचा, सोबत्याच्या सोनकिड्याशीं त्याची चमक ताडून पाहावयाची, आणि मन मानलें तर अदलाबदल करावयाची, हा उद्योग आपल्या गांवांतून पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. पावसाच्या तोंडावर झाडें काजव्यांनीं पेटतात, आणि पहिला पाऊस पडला कीं रात्रीं दिवट्या घेऊन मंडळी ओढ्याला खेकड्यांच्या मागें जातात. ताजिरी यांनीं यंत्रांत जें भरलें, तें हेंच. आमच्या मतें या खेळाचे गुणदोष पाहावयाचे, तर याच दृष्टीनें पाहिले पाहिजेत : हरवलेल्या रानाची आठवण म्हणून तो कितपत खरा उतरला, आणि ज्यांचें रान अद्याप हरवलेलें नाहीं त्या मुलांस तो काय देतो?

खेळाची मांडणी थोडक्यांत सांगतों. खेळणारा एका मुलाची भूमिका घेतो आणि एका लहान गांवांतून निघतो. गांवांतील एक वयोवृद्ध प्राध्यापक त्यास अग्नि, जल व वनस्पति या प्रकृतींच्या तीन जीवांपैकीं एक निवडूं देतात, आणि पुढें एक कोरी सूची त्याच्या हातीं सोंपवितात. वाटेवरील उंच गवतांतून, गुहांतून, पाण्यावरून हिंडावें. जे जीव भेटतील त्यांची सूचींत नोंद करावी. एकूण जीव १५१. एका वेळीं सहा जीव बरोबर बाळगतां येतात. त्यांस घेऊन आठ गांवांच्या आठ नामांकित खेळाडूंस जिंकावयाचें, आणि अखेरीस सर्वश्रेष्ठांशीं सामना करावयाचा. ज्या भूमीवर हें सर्व घडतें तिचें नांव कान्तो. आणि टोकियोच्या आसमंतास खरोखरच हें नांव आहे. म्हणजे रचनाकारानें परीकथेंतलें राज्य न शोधतां आपल्याच मुलखाचा नकाशा पुढें ठेवला. ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

आतां गुण पाहूं. पहिला गुण असा, कीं या खेळांत घाई नाहीं. सामना बुद्धिबळासारखा आळीपाळीनें चालतो. आपली चाल करण्यापूर्वीं मुलानें दहा मिनिटें विचार केला, तरी यंत्र तक्रार करीत नाहीं. ज्याचीं बोटें चपळ नाहींत, तो मुलगाहि येथें मागें पडत नाहीं. शिवाय खेळास शेवट आहे. एकदां मोल देऊन घेतला, कीं तो पुन्हा पैसे मागत नाहीं. 'आज आला नाहींस तर तुझें बक्षीस बुडालें' अशी धमकी देत नाहीं. मध्येंच जाहिरात दाखवीत नाहीं. आजचे पुष्कळसे मोबाईलचे खेळ मुलाचा हात सुटूं नये म्हणूनच बेतलेले असतात. हा जुना खेळ बाजूस ठेवला, तर ठेवलेल्या जागीं मुकाट्यानें बसून राहतो. पालकांनीं हा भेद ध्यानीं घ्यावा. सर्व खेळांस एकाच काठीनें हाकूं नये.

दुसरा गुण शिक्षकाच्या डोळ्यांत भरणारा आहे. या खेळांत जीवांच्या प्रकृति १५ आहेत, आणि कोणती कोणावर भारी पडते याचा एक मोठा तक्ता आहे. पाणी अग्नीस जिंकतें, अग्नि वनस्पतीस, वनस्पति पाण्यास; असे कित्येक संबंध. ज्या मुलास रसायनांतील चार संज्ञा चार दिवस आठवत नाहींत, तोच मुलगा हा तक्ता न चुकतां म्हणून दाखवितो. यावरून तो आळशी आहे असें अनुमान काढणें चूक आहे. खेळांत कळलेली गोष्ट पुढच्याच क्षणीं उपयोगीं पडते. ती चुकली तर परिणाम तत्काळ दिसतो, आणि त्यासाठीं कोणी ओरडत नाहीं. हरलेला मुलगा जवळचे निम्मे पैसे गमावून मागच्या विश्रामस्थानीं परततो, आणि पुन्हा निघतो. आमच्या वर्गांत ज्ञान आणि उपयोग यांच्यामध्यें कधीं कधीं वार्षिक परीक्षेएवढें अंतर पडतें. या बाबतींत आम्हां शिक्षकांसच खेळापासून धडा घेतां येईल.

तिसरा गुण संयमाचा. जीव हस्तगत करावयाचा, तर त्यास पुरतें हरवून चालत नाहीं. त्याची शक्ति थोडी उरली असतांनाच आपला हात आवरावा लागतो. हरलेला जीव मरत नाहीं, मूर्च्छित होतो, व उपचारांनीं बरा होतो. काडेपेटींत कोंडलेल्या सोनकिड्याच्या नशिबीं एवढी दया नसते, हें आपण सर्व जाणतों.

चौथा गुण सर्वांत थोर, असें आम्ही म्हणूं. हा खेळ एकट्यास पुरा करतांच येत नाहीं. जोडप्रतींपैकीं एकींत जे जीव आहेत, त्यांतील कांहीं दुसरींत मुळींच नाहींत. चार जीव तर असे, कीं ते दुसऱ्याच्या हातीं दिल्याशिवाय पूर्ण वाढीस लागत नाहींत. म्हणून सूची पुरी करावयाची तर सोबती हवा, तार हवी, आणि आपल्याजवळची आवडती वस्तु देण्याची तयारी हवी. घेण्यासाठीं आधीं द्यावें लागतें, हा धडा उपदेशावांचून शिकविणारे खेळ फार थोडे. यांत भर अशी, कीं हें एवढें विश्व, त्यांतील चित्रें, संगीत व संभाषणें यांसह, अवघ्या एका मेगाबाइटांत बसविलेलें आहे. आजच्या मोबाईलवर काढलेलें साधें छायाचित्रहि बहुधा याहून मोठें भरतें. साधनें अपुरीं असलीं, तर कल्पकतेनें काम चालवावें, ही गोष्ट आपल्याकडील मुलांस समजावून सांगावी लागत नाहीं; पण तिचें असें उदाहरण पाहून त्यांस धीर येईल.

एवढी स्तुति झाली. आतां दोषांविषयीं हात राखून लिहिणें बरोबर होणार नाहीं.

पहिला दोष कंटाळ्याचा. आपले जीव सामर्थ्यवान् व्हावे म्हणून त्याच गवतांत फेऱ्या घालून त्याच सामन्यांची आवृत्ति करावी लागते. गुहेंत शिरावें, तर चार पावलांवर वटवाघूळ, पुन्हा चार पावलांवर वटवाघूळ! अशा तासांत बुद्धीस कांहीं काम नसतें. केवळ आंगठा चालतो. मुलाचे डोळे जड होतात व वेळ मात्र निघून जातो. पालकांचा राग ज्या तासांवर आहे ते बहुधा हेच तास होत, आणि तो राग अनाठायीं नाहीं.

दुसरा दोष हिशेबांतील चुकांचा. भूतप्रकृतीचे जीव मनःशक्तीच्या जीवांवर भारी पडावे, अशी योजना. पण तक्त्यांत चूक राहिल्यामुळें त्यांच्या घावाचा परिणाम शून्य होतो, आणि मनःशक्तीचे जीव सर्वांस पुरून उरतात. निर्णायक घाव अधिक वेळां बसावे म्हणून एक युक्ति ठेवली आहे. हिशेब उलटा झाल्यानें ती योजली असतां ते घाव कमीच बसतात. ज्या खेळाचा सर्व डौल तक्त्यावर उभा, त्याच्या तक्त्यांतच खोट असावी, हें त्यास शोभत नाहीं. सोयीच्या बाबतींतहि तीच गत. झोळींत २० प्रकारच्या वस्तूंपलीकडे जागा नाहीं. जीव ठेवण्याची पेटी २० जीवांनीं भरली, कीं ती स्वतः जाऊन बदलावी लागते, नाहीं तर समोर आलेला दुर्मिळ जीवहि धरतां येत नाहीं. मूळ यंत्रांतील कार्ट्रिजच्या पोटीं बटणाएवढा एक सेल असे; तो संपला, कीं वर्षांची सगळी नोंद पुसली जाई. कागदावरची वही यापेक्षां अधिक टिकते, हें विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावें.

तिसरा दोष नीतीचा आहे. खेळांतील सेलाडॉन नांवाच्या शहरांत नाणीं लावून खेळण्याचा अड्डा आहे. तेथें जिंकलेल्या नाण्यांवर कांहीं दुर्मिळ जीव मिळतात. म्हणजे जें इतरत्र हिंडून, थांबून, प्रयत्नानें मिळवावयाचें, तें येथें नशिबावर सोडावयाचें. मटक्याच्या आंकड्यांनीं घरें कशीं बसतात हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्या पालकांस याचें वेगळें विवरण नको. पुढील काळांतील आवृत्त्यांतून हा अड्डा काढून टाकण्यांत आला, हें योग्यच झालें.

चौथा दोष व्यापाराचा. ज्या देवाणघेवाणीची आम्हीं वर स्तुति केली, तिच्यासाठीं यंत्रें दोन, प्रती दोन व तार एक लागे. ज्याच्या घरीं एकहि यंत्र येणें कठीण, त्या मुलास हा मैत्रीचा धडा दुरूनच पाहावा लागे. आणखी असें, कीं हा खेळ मराठींत कधीं निघालाच नाहीं. इंग्रजी वाचून खेळला, तर पुष्कळ शब्द अंगवळणीं पडतील. परंतु न वाचतां, एकच कळ दाबीत पुढें जाण्याची वाट मोकळी असल्यामुळें बहुतेक मुलें तीच धरतात, आणि पालकांची मात्र समजूत होते कीं मुलगा इंग्रजी शिकतो आहे!

परंतु हे सर्व दोष एका मोठ्या दोषापुढें लहान ठरतात. या खेळांत प्रत्येक जीवाची किंमत त्याच्या झुंजण्याच्या शक्तीवर ठरते. तो काय खातो, कोणत्या झाडावर राहतो, कोणत्या महिन्यांत दिसतो, तो नाहींसा झाला तर काय बिघडेल, हे प्रश्न सामन्याच्या वेळीं कोणी विचारीत नाहीं. खेळांत एक सुरवंट आहे. झुंजून झुंजून तो प्रथम कोश होतो व मग फुलपांखरूं. आतां आपल्या रानांत या. काळ्या-निळ्या पंखांची राणी पाकोळी, जिला नीलवंत असेंहि म्हणतात व जिला महाराष्ट्र शासनानें २०१५ सालीं राज्य-फुलपांखराचा मान दिला, तिचा सुरवंट लिंबाच्या कुळांतील झाडांचीं पानें खाऊन वाढतो. त्यास कोणाशीं झुंजावें लागत नाहीं. झाड मात्र उभें असावें लागतें. झाड तोडलें, कीं फुलपांखरूं नाहीं. खेळांतलें गवत कितीहि तुडविलें तरी जसेंच्या तसें. खरें रान तसें नसतें. हरवलेल्या रानाच्या दुःखांतून निघालेल्या खेळांत रान कां हरवतें याचें उत्तर मिळूं नये, ही त्याची खरी उणीव होय.

हें केवळ आमचें मत नव्हे. केंब्रिज विद्यापीठांतील अँड्र्यू बामफर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ब्रिटनमधील शाळकरी मुलांस कांहीं चित्रें दाखविलीं. कांहीं पोकेमॉनचीं, कांहीं त्यांच्याच देशांतील प्राणी, पक्षी व वनस्पति यांचीं. २००२ सालीं 'सायन्स' या नियतकालिकांत त्यांनीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. आठ वर्षांच्या सुमाराच्या मुलांनीं पोकेमॉनपैकीं पांचांत चार ओळखले. खऱ्या जीवांपैकीं मात्र सुमारें निम्मेच. या निष्कर्षाचे अर्थ दोन. एक खिन्न करणारा : मुलांस आपल्या दारचा पक्षी ओळखत नाहीं. दुसरा आशा देणारा : मुलांची शेकडों जीव ओळखण्याची शक्ति शाबूत आहे, तिला खाद्य मात्र आपण पुरवीत नाहीं.

आणि खाद्याची वाण आपणांकडे नाहीं. रानपिंगळा नांवाच्या लहानशा घुबडाची गोष्ट घ्या. १८८४ सालानंतर या पक्ष्याची खात्रीची नोंद झाली नव्हती. तो नष्ट झाला असेंच बहुतेक अभ्यासक धरून चालले होते. १९९७ सालीं पामेला रासमुसेन व त्यांचे सहकारी त्याच्या शोधांत निघाले आणि ११३ वर्षांनंतर तो आपल्याच महाराष्ट्रांत, शहाद्याजवळच्या रानांत, त्यांस दिसला. पुढें २०१४ सालीं तोच पक्षी आपल्या तानसा अभयारण्यांत आढळला. तानसा म्हणजे शहापूर तालुक्यांतील कित्येक विद्यार्थ्यांच्या घरामागचें रान! मुरबाडच्या बाजूस सिद्धगडाकडील झाडी भीमाशंकर अभयारण्यांत मोडते. तेथें आपला राज्यप्राणी शेकरू उंच फांद्यांवरून उड्या घेत असतो. ज्या मुलांचे आजोबा कातकरी, ठाकूर वा वारली घरांतले आहेत, त्यांच्या घरीं तर चालतीबोलती सूचीच बसलेली आहे. आवाजावरून पक्षी, पाऊलखुणेवरून जनावर आणि पानावरून कंद ओळखणारीं तीं वृद्ध माणसें आहेत तोंवर विचारून घ्यावें. त्यांची नोंद पुसली गेली, तर ती परत भरून देणारें यंत्र कोठेंहि मिळावयाचें नाहीं.

हें आतांच सांगण्याचें कारण असें, कीं माचिदाची गोष्ट आपल्या दारीं येऊन उभी आहे. आसनगांव-वासिंदकडे शेतांच्या जागीं इमारती उठत आहेत. समृद्धि महामार्गाचा इगतपुरीपासून आमण्यापर्यंतचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला, आणि तो आपल्या शहापूर तालुक्यांतूनच जातो. रस्ते नकोत, घरें नकोत, असें आम्ही म्हणत नाहीं. रुग्णास वेळेवर दवाखान्यांत पोहोंचवावयाचें तर रस्ता हवा, आणि मुलांस काम मिळावयाचें तर उद्योग हवेत. परंतु जें जातें आहे त्याची निदान मोजदाद तरी व्हावी. ज्याचें नांव आपणांस ठाऊक नाहीं, तें नाहींसें झालें तरी आपणांस कळत नाहीं. आणि कळत नाहीं म्हणून त्याच्यासाठीं कोणी बोलतहि नाहीं.

म्हणून आमचा अभिप्राय असा. हा खेळ वाईट नव्हे. मुलाच्या अंगच्या चौकसपणास, संग्रहाच्या हौसेस व मैत्रीस त्यानें मान दिला आहे. परंतु ज्या मुलाच्या गांवीं रान उरलेलें नाहीं, त्याच्यासाठीं तो रचलेला आहे. अशा मुलास तो लाभदायक. आपल्या मुलास मात्र तो ताटांतले ताजे अन्न सारून अन्नाचें चित्र पाहत बसण्यासारखा होईल, जर त्याच्या जोडीला दुसरें कांहीं नसेल तर. पालकांस विनंती, कीं मोबाईल हिसकावून घेऊं नये. वेळ बांधून द्यावी, आणि एकदां जवळ बसून विचारावें : हा जीव कोणता? तो कोठें राहतो? आणि याच्यासारखा आपल्या शेतांत कोणता आहे? पहिल्या दोन प्रश्नांस मुलगा फडाफड उत्तर देईल. तिसऱ्या प्रश्नाशीं तो थांबला, तर त्यास बोलूं नये. त्याला घेऊन बांधावर जावें.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस आमची सूचना याहून धीट आहे. खेळाच्या जोडप्रती दोन होत्या, तशा आपणहि दोन वह्या करूं : एक शहापूरची, एक मुरबाडची. येत्या मृगापासून प्रारंभ करावा. प्रत्येक पानावर एक जीव. त्याचें घरीं बोलतात तें नांव, दिसल्याची जागा व महिना, त्याचें खाद्य, आणि ही माहिती कोणी सांगितली तें. संख्या १५१ च ठेवूं. तेवढी तर तुम्हांस आधींच सवय आहे! नियम दोन. पहिला, कोणताहि जीव धरावयाचा नाहीं, घरट्यास हात लावावयाचा नाहीं, आणि सापाच्या वाटेस तर मुळींच जावयाचें नाहीं. पाहावें, ऐकावें आणि लिहावें. दुसरा, घरच्या किंवा वाडीवरच्या एका तरी वडीलधाऱ्या माणसास विचारल्याशिवाय पान पुरें झालें असें समजूं नये. तानसाकांठच्या मुलास जें दिसेल तें सिद्धगडाच्या पायथ्याच्या मुलास दिसणार नाहीं, आणि त्याचें ह्यास दिसणार नाहीं. वर्षअखेर दोन्ही वह्या एका बांकावर उघडून ठेवाव्या आणि पानें उतरून घ्यावीं. त्या कामास तार लागत नाहीं, सेल लागत नाहींत. पेन्सिल व शेजारी बसलेला सोबती पुरे.

अशा वह्यांतील निवडक पानें पुढील वर्षाच्या या अंकांत छापावयास मिळालीं, तर आम्हांस अत्यंत आनंद होईल. आणि एखाद्या पानावर रानपिंगळ्याचें नांव आलें, तर तें पान आम्ही सर्वांत पुढें छापूं.